मॅनेजरांची सहावी आंघोळ

मोठ्या कुत्र्याला पाण्याची भीती असली ना, की त्याला पाणी दिसावं लागत नाही. नळ बंद असो, टब कोरडा असो, त्याला वास येतो… ओल्या रबराचा, शाम्पूचा, आणि आपल्या आधी इथे रडून गेलेल्या भाईबंदांचा. माझं दुकान कुत्र्यांना आंघोळ घालायचं. दाराशी चारी पाय रोवून उभे राहणारे कुत्रे मी रोज बघते. पण माझ्या दुकानाला घाबरून उलटं चालत जाऊन रंगाच्या बादलीत बसलेला कुत्रा मी आजवर एकच पाहिलाय.

शनिवारची सकाळ होती. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाची बाहेरची भिंत रंगवायचं काम चाललं होतं आणि निळ्या रंगाची मोठी बादली फुटपाथवर ठेवलेली होती. एक उंच, चष्मा लावलेला तरुण कुत्र्याला घेऊन आपल्या वाटेने निघाला होता. त्याला माझ्याकडे यायचंच नव्हतं. कुत्रा कसला, वासरूच ते! वाळूच्या रंगाचं, झुबकेदार शेपटीचं. माझ्या दारासमोर आला, नाक वर केलं, मागे मागे सरकत गेला आणि बसला. बरोब्बर बादलीत.

मी आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा पेंटर डोक्याला हात लावून उभा होता आणि हा तरुण माफी मागत होता. पेंटरची नाही, कुत्र्याची. माझंच लक्ष नव्हतं हो मॅनेजर, असं तो त्या निळ्या ढुंगणाच्या प्राण्याला अगदी मनापासून सांगत होता. मला हसू आवरेना.

मी सांगितलं की रंग पाण्यात कालवलेला आहे, वाळायच्या आत धुतला तर निघेल. वाळला तर शेपटीपासून कमरेपर्यंत कात्री लावावी लागेल. त्याने एकदा माझ्या पाटीकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे.

"यांना पाण्याचं जरा… वावडं आहे," तो म्हणाला.

"ते अख्ख्या रस्त्याला दिसलंय," मी म्हटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून कुत्र्याला ढकलत आत आणलं. ढकलता ढकलता कळलं ते असं, की कुत्रा मुळात त्याच्या ताईचा. पिल्लू होता तेव्हा ताईच्या ऑफिसच्या दारात बसून उशिरा येणाऱ्यांकडे रोखून बघायचा, म्हणून नाव मॅनेजर. पुढे ताईला बाळ झालं, घर लहान पडायला लागलं, आणि मॅनेजरांची बदली बाळाच्या मामाकडे झाली. हा मामा दोन गल्ल्या पलीकडे चष्मे बनवतो, काचा घासण्यापासून सगळं स्वतः करतो. घरात सगळे कुत्र्याला अहो-जाहो करतात. दोन मिनिटांत मीही करायला लागले. तोंडच तसं होतं त्यांचं.

माझे बाबा गल्ल्याशी बसतात. ही जागा आधी त्यांचीच, तीस वर्षं त्यांनी इथे स्कूटरी धुतल्या. गुडघे गेले तेव्हा मी म्हटलं, नळ आहे, उतार आहे, पाणी जायला मोरी आहे, मी कुत्रे धुते. तेव्हापासून ते वेळा लिहायची वही सांभाळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की तीस वर्षांत एकही स्कूटर चावली नाही.

माझा एक नियम आहे. आंघोळीच्या वेळी मालकाने बाहेर बाकावर बसायचं. मालक समोर असला की कुत्रे जास्त नाटकं करतात. तो बिचारा बसला. पण आत मॅनेजरांनी असा काही गळा काढला की शिंपी हातातलं काम टाकून बघायला आला. बावन्न किलोचा देह! मी टबाच्या या बाजूला, तर ते त्या बाजूला. पाच मिनिटांत मी नखशिखांत भिजले होते आणि ते ठणठणीत कोरडे होते. बाबा बाहेरून म्हणाले, भीक नको पण कुत्रं आवर. शेवटी नियम गुंडाळून ठेवला आणि मालकाला आत बोलावलं.

त्याने काय करावं? पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मुकाट्याने टबात उतरला आणि खाली बसला. मॅनेजरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक पाय टाकला, दुसरा टाकला, अख्खेच आत आले आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून डोळे घट्ट मिटून उभे राहिले. मला तिथेच काहीतरी झालं, खोटं कशाला बोलू.

वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. त्याने काढून माझ्याकडे दिला, मी तो ॲप्रनच्या खिशात टाकला. त्यानंतर तो फार मन लावून साबण चोळत होता, पण मॅनेजरांना नाही, स्वतःच्याच गुडघ्याला.

"तुम्हाला काहीच दिसत नाही का हो?"

"निळं दिसतंय. तुम्ही म्हणजे एक… पुसटसा ठिपका. बोलणारा."

"वा! छानच."

"म्हणून तर बोलता येतंय. एरवी मी फार गप्प असतो."

खरंच की! रंग निघाला, मॅनेजर पुसून झाले, मी चष्मा परत दिला. त्याने लावला, माझ्याकडे पाहिलं… आणि जे बोलत होता ते अर्धंच राहिलं. माझे केस ओले, गालावर निळा फेस, कानाच्या पाळ्या तापलेल्या. दोघंही उगाच मॅनेजरांकडे बघायला लागलो.

निघताना तो भिंतीवरच्या पाटीपाशी थांबला. माझ्याच हातची पाटी: मोठ्या कुत्र्यांना महिन्यातून एकदाच आंघोळ. पुढच्या महिन्यात येतो, म्हणाला. या, मी म्हटलं. दोघांचेही चेहरे पडले होते. निदान माझा तरी नक्कीच.

आणि पुढच्या शनिवारी सकाळी बघते तर काय, दारात मॅनेजर उभे, पोटापर्यंत चिखलाने माखलेले! बागेत लोळले, तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

आता ऐका. चिखल लागलेल्या कुत्र्याला आंघोळ लागत नाही. वाळू द्यायचा आणि ब्रश फिरवायचा, आपोआप झडतो. आठवड्याला दहा जणांना मी हे सांगते, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते. त्या दिवशी मात्र जीभ टाळ्याला चिकटली. मी म्हटलं, "या ना, आत या."

तिसऱ्या शनिवारी पुन्हा चिखल. चौथ्या शनिवारी तर कानापर्यंत. तो आता हाफ पँट घालूनच यायचा, टबात बसायचा, मॅनेजर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून थरथरायचे, आणि त्यांच्या पाठीवरून आमच्या गप्पा चालायच्या. चष्मा परत द्यायला मी मुद्दाम वेळ लावायचे. एकदा फेसाखाली त्याचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. पंजा समजून चोळत होतो, म्हणाला.

"पंजाच्या करंगळीत अंगठी असते?"

"तेच म्हटलं… मॅनेजरांनी कधी केली."

हात मात्र त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

बाबा वहीत लिहिता लिहिता म्हणाले, हा कुत्रा फार मळतो बुवा. दुसऱ्या दिवशी चहा पिताना पुन्हा म्हणाले, पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही, चिखल आणतो कुठून कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं. मी कप उचलून विसळायला गेले.

पाचव्या शनिवारी मॅनेजरांना पुसताना गडद टॉवेलवर पांढरा कोंडा पडला. मी थांबले. केस बाजूला करून पाहिलं, तर कातडी कोरडी, ताणलेली, आणि पुढच्या पायाच्या कोपराशी लाल झालेली. ही माझीच करणी होती. दर आठवड्याला साबण लावून मी त्यांच्या अंगाचं तेल धुऊन काढलं होतं. आणि ते बापडे माझं मनगट चाटत होते! मी कोपराला तेल लावलं, आणि त्याला… काहीच सांगितलं नाही.

तो आठवडा फार वाईट गेला. गप्प राहावं तर शनिवार राहतो, मॅनेजरांच्या जिवावर. बोलावं तर शनिवार जातो, आणि तोही जातो. स्वतःच्या हौसेपायी मुक्या जनावराची कातडी खरवडणाऱ्या बाईकडे कोण परत येईल? मीच आले नसते. शेवटी ठरवलं की नुसतं कोमट पाणी घालायचं, साबण लावल्यासारखं करायचं. म्हणजे एका लबाडीवर दुसरी. आरशात बघताना माझी मलाच लाज वाटत होती.

सहाव्या शनिवारी ते दोघं आले. मी टबाशी उभी राहिले, मॅनेजरांना ओढायची तयारी करून. पण त्यांनी पाय रोवले नाहीत. गळा काढला नाही. शेपटी पायात घालून ते बाबांसमोरून, बाकासमोरून सरळ आत आले, स्वतःहून कोरड्या टबात चढले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भीती गेली नव्हती. त्यांनी हार मानली होती, एवढंच. हट्टी, बावन्न किलोचा, ऐटबाज कुत्रा, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला असं उभं केलं होतं.

मी नळावरचा हात काढून घेतला.

"आज आंघोळ नाही," मी म्हटलं. "पुढचे दोन महिने नाही. यांची कातडी कोरडी पडलीय, फार आंघोळी झाल्यात. चिखल ब्रशने निघतो. मला दुसऱ्याच शनिवारी माहीत होतं… मी बोलले नाही."

"का?" त्याने हळूच विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात."

त्याने पार मान खाली घातली. आता हा दोरी हातात घेणार आणि निघून जाणार, असं मी धरून चालले होते. पण तो टबाच्या काठावर बसला.

"चिखल," तो म्हणाला, "बागेतला नाही. हे तर ओल्या गवतावरसुद्धा पाय ठेवत नाहीत. कुंडीतली माती आहे. मी बादलीत कालवतो… आणि यांना फासतो. दर शनिवारी सकाळी, गॅलरीत. शेजारच्या काकूंना वाटतं यांना काहीतरी त्वचारोग आहे."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही झालं. पाण्याला घाबरणाऱ्या कुत्र्याला हा स्वतःच्या हाताने मळवत होता, आणि मी धूत होते, आणि दोघंही त्याच्या पाठीवरून एकमेकांकडे बघून लाजत होतो. आम्ही एकदमच मॅनेजरांकडे वळलो. ते अजून भिंतीकडेच तोंड करून होते, कधी एकदा सुरू होतंय त्याची वाट बघत.

मी त्यांची वाळलेली माती ब्रशने झाडली, कोपराला तेल लावलं आणि दोरी सैल सोडली. आधी त्यांचा विश्वासच बसेना. एक पाय बाहेर टाकून माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे, मग दाराकडे… आणि जे सुसाट निघाले! तो मला काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. बघता बघता दोघं गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले.

त्यानंतर दिवसभर त्याचा काही निरोप नाही. रविवारी सकाळी दुकान उघडलं, एक चिमुकला पांढरा कुत्रा धुतला, त्याच्या मालकिणीशी काय बोलले ते मला आठवत नाही. खरं बोलले ते बरं केलं, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. शंभरदा सांगावं लागतं तेव्हा माणसाने काय ते समजावं.

अकराच्या सुमारास तो आला. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, पूर्ण पँट, हात मोकळे. ते हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. बाबांनी वही उघडली आणि कुत्रा कुठे म्हणून विचारलं.

"घरी झोपलेत," तो म्हणाला. "आज त्यांचं काही काम नाही." मग तो माझ्याकडे वळला. "मी तुला भेटायला आलोय. शनिवारची वाट बघवत नाही मला… कधीच बघवली नाही. असाच येत जाऊ का?"

त्याने पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. बाबांची पेन्सिल हवेत थांबलेली. मला खरं तर नुसतं हो म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशी जीभ एकदा सैल सुटली होती, ती आता थोडीच थांबतेय!

"ये," मी म्हटलं. "रोज ये. आवडतोस तू मला. पहिल्या शनिवारपासून."

"मला तिसऱ्या शनिवारी कळलं," बाबा म्हणाले, आणि आपली खुर्ची उचलून शिंप्याकडे जाऊन बसले.