खेळाच्या खोलीचं दार

"थांब! रंधा मारू नकोस!" फूटपट्टी ओरडली आणि भोंग्याचा हात हवेतच थांबला.

सुट्टी लागली, की शाळेची बाकं-दारं दुरुस्त करायला फूटपट्टीची आई यायची. आई पट्टीची सुतार! हाताखाली ही उंच, काटकुळी लेक आणि तिचा मामेभाऊ भोंगा. त्याचं कुजबुजणंसुद्धा पटांगणभर ऐकू जाई.

आज खेळाच्या खोलीचं दार काढून आडवं ठेवलं होतं. फुटबॉल शिबिराच्या सरांनी बजावलं होतं, "दार सारखं जाम होतं. तासा, आणि बाहेरच्या जुन्या कडीच्या जागी दणकट कडी बसवा."

"हे बघ," फूटपट्टी म्हणाली, "आतल्या बाजूला, गुडघ्याइतक्या उंचीवर, बुटांचे ठोके! हा निळा रंग तर सुट्टी लागली त्या दिवशी दिलाय, म्हणजे ठोके त्यानंतरचे."

"पण आतून लाथा कोण मारेल?"

"जो आत कोंडला गेलाय तो!"

इतक्या खाली ठोके मारणारा शिबिरात एकच होता, लिंबू. सगळ्यांत लहान. त्याच्या बुटाच्या टोकाला निळा रंग होता. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "दार जाम होतं."

"उद्यापासून नाही होणार! नवी जाडजूड कडी बसतेय!" भोंगा उत्साहाने गरजला.

लिंबूचा चेहरा पांढराफटक पडला. "ती... आतून निघते का?"

फूटपट्टी ताडकन वळली. तिने धावत जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने हातातली कडी पिशवीत टाकली आणि दार न तासता होतं तसंच बसवलं.

मग आईने बोलावल्यावर मुख्याध्यापिका बाई आल्या, सर आले, शिबिराची मुलंही गोळा झाली.

"सर, आत जाऊन दार ओढून घ्या ना," फूटपट्टी म्हणाली. "कसं जाम होतं, आम्हाला बघायचंय."

सर हसत आत गेले. दार लागलं. उघडलं! पुन्हा लागलं, पुन्हा उघडलं! दहा वेळा झालं, पण दार काही अडेना. सरांचं हसू मावळलं.

"जाम होतच नाही," आई म्हणाली. "कोणीतरी बाहेरून कडी घालतं."

"मी आवाज ऐकायचो," सर हळूच म्हणाले. "वाटायचं, पोरं चेंडू आपटताहेत. ऑफिसातून उठून एकदाही पाहिलं नाही. चुकलंच माझं."

लिंबू मुलांच्या घोळक्यातून पुढे आला. केवढी हिंमत त्या एवढ्याशा पोराची!

"गोलीदादा कोंडतो," तो म्हणाला. "रोज. बोललास तर आणखी कोंडीन म्हणतो."

धिप्पाड गोलकीपर खाली बघत पुटपुटला, "मलाही मागच्या वर्षी मोठ्या मुलांनी कोंडलं होतं. कोणीच आलं नव्हतं."

"तेव्हा आम्ही यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तू त्याला कोंडावंस, हे मात्र चालणार नाही. उद्या आईबाबांना घेऊन ये, सगळं नीट बोलू. आणि सर, यापुढे शिबिर संपेपर्यंत तुम्ही पटांगणातच!"

आईने दाराची जुनी कडीही उपटून काढली. बाईंनी फूटपट्टीची पाठ थोपटली. "शाबास! आम्हा मोठ्यांना दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत!"

"बाई, आम्ही नुसतं दार पाहिलं," फूटपट्टी म्हणाली. "बोलला तो."

बाई लिंबूसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाळा, आम्हाला उशीर झाला. माफ कर."