नावांचा दगड

"अहो मॅडम, आमच्या पणजोबांवर बसलाय तुम्ही."

बुटाची नाडी बांधता बांधता उत्कर्षा दचकून उठली. खडकीत बसस्टॉपशेजारी चुना फासलेला एक बुटका दगड, एवढंच तिला दिसलं होतं. समोर एक उंच तरुण उभा होता… हातात पाण्याची बादली आणि नारळाची शेंडी.

"पणजोबा? या दगडात?"

"दगडावर. पहिल्या महायुद्धात इथून गेलेले आणि परत न आलेले जवान, त्यांची नावं आहेत. त्यात पणजोबांचं, भैरू हे नावही आहे, असं आजोबा सांगायचे. मला अजून सापडलेलं नाही." तो हसला. "मी प्रज्ञेश. इथल्याच क्वार्टर्समध्ये राहतो."

"मी उत्कर्षा. आणि… पणजोबांना माझ्याकडून सॉरी सांगा."

"तुम्हीच सांगा. बसला होतात तुम्ही."

ती खळखळून हसली. आणि कसं कोण जाणे, तिनंही बादलीतली एक शेंडी उचलली आणि दगडावरचा चुना घासायला लागली.

मग रविवार सकाळ म्हणजे खडकी, असंच होऊन बसलं. चुन्याखालून एकेक अक्षर उजेडात यायचं. बोटं बोटांना लागायची, दोघंही उगाचच अक्षरांकडे बघत राहायची…

"आयटीतल्या लोकांना सुट्टीला दुसरं काही काम नसतं का हो?"

"असतं. पण तिथं तुमच्या या टपरीइतका वाईट चहा मिळत नाही."

एका रविवारी ती पोचली, तर दगडासमोर जेसीबी उभा! फूटपाथचं काम निघालं होतं. प्रज्ञेश दगडाला पाठ लावून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"जुना मैलाचा दगड आहे साहेब, बाजूला व्हा," मुकादम वैतागला होता.

"मैलाचा?" उत्कर्षा पुढे झाली. "वाचून बघा की!" आणि ती एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली. बसची वाट पाहणारे जवळ आले. क्वार्टर्समधून माणसं उतरली. क्वार्टर्समधल्या म्हाताऱ्या मुक्ताई काठी टेकत आल्या होत्या, त्या एका नावाशी थबकल्या. "हे… हे माझ्या आज्याचं नाव!" त्यांनी तिथंच हात जोडले. एक निवृत्त सुभेदार ताठ उभे राहिले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

मुकादमानं टोपी काढली. आपल्या वरच्या साहेबांना फोन लावला. बऱ्याच वेळानं मान डोलावत म्हणाला, "फूटपाथ वळवून घेऊ. पण दगड अर्धा जमिनीत गेलाय, वर काढून नीट बसवावा लागेल."

सगळ्यांनी मिळून माती उपसली. दगड हातभर वर आला. मातीत दडलेल्या शेवटच्या ओळीवर प्रज्ञेशनं ओला हात फिरवला… आणि तो गुडघ्यांवरच बसला.

भैरू.

टाळ्या, जयघोष, कुणीतरी आणलेले पेढे! त्या गलक्यात तो उठला. डोळे भरलेले, हसू मावत नव्हतं.

"आता सगळी नावं सापडली," उत्कर्षा हळूच म्हणाली. "आता माझं इथं काय काम?"

"काम नाहीच," तो म्हणाला. "उत्कर्षा… काम नसताना येशील? माझ्यासाठी?"

'येशील' म्हणाला! तिच्या गालांवर ऊन चढलं.

"विचारायला एवढे रविवार घालवलेस?" तिनं त्याचा मातीनं माखलेला हात सगळ्यांदेखत घट्ट धरला. "येईन. आणि रविवारचीच वाट बघणार नाही, सांगून ठेवते."