पेंट शॉपचा फोन

हे घडलेलं आहे. रचून सांगणं मला जमत नाही. सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. चार माणसांत तोंड उघडताना मला अजूनही घाम फुटतो.

मागच्या महिन्यातला गुरुवार. एमआयडीसीची सुट्टी. चाकणकडच्या निघोज्याजवळचा एक कारखाना, आणि भर दुपार.

माझी मुलगी तनुजा तिथलं नेटवर्क सांभाळते. सुट्टीतही तिची ड्युटी होती. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी तिच्या खोलीत बसलो होतो.

तिथले फोन, कॅमेरे, इंटरनेट, सगळं एकाच केबलमधून जातं. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं, हे तनुजाच्या कॉम्प्युटरवर ठरतं.

गेल्या वर्षी, ती नोकरीला लागायच्या आधी, कॅमेरे पुढे होते. पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागाला, आग लागली. लातूरकडचा कामगार ज्योतीराम आतून गेटला फोन लावत राहिला.

लागला नाही.

तो गेला. तेव्हापासून फोन सगळ्यांच्या पुढे.

त्या दुपारी कारखान्याचे मॅनेजर दौलतराव आले.

“कॅमेरे परत वर घे. कारखाना बघायला येणाऱ्या पार्टीला चित्र स्वच्छ पाहिजे.”

“आणि फोन, सर?”

“फोन कोण करतंय आता? मोबाईल आहेत सगळ्यांकडे.”

“शॉपमध्ये मोबाईल नेऊ देत नाही आपण. मी नाही करणार.”

“नोकरी जड झालीय का?”

“तुम्हीच करा, सर. तुमच्या नावावर होऊ दे.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बदल केला.

लगेच कॉम्प्युटरवर एक कॉल उमटला...

पेंट शॉपमधून.

तिथला फोन जळून गेलाय. वायरसुद्धा काढलेली. आणि सुट्टी, आत कुणी नाही.

“जुनं काहीतरी अडकलं असेल,” दौलतराव म्हणाले.

मग कॅमेऱ्यांची चित्रं काळी पडू लागली. आधी पेंट शॉप... मग गोडाऊन... मग आमच्या दाराबाहेरचा पॅसेज.

कुणीतरी चालत यावं तशी.

एसीची घरघर थांबली. दिवे मात्र चालू होते.

टेबलावरचा फोन वाजला.

“उचलू नकोस,” दौलतराव म्हणाले.

तनुजाने त्यांच्याकडे बघतच स्पीकर चालू केला.

आधी नुसता श्वास. मग...

“हॅलो... ऐकू येऊलालंय का?”

दौलतराव फोन बंद करायला झेपावले. मी कधी उठलो, मला कळलं नाही. त्यांच्या आणि फोनच्या मध्ये मी उभा होतो.

“येतंय,” मी म्हणालो. “बोला.”

“आग लागलीय. दार बाहेरून बंद हाय... आमी दोघं हाव.”

लाइन गेली. एसी सुरू झाला. कॅमेरे दिसू लागले. पॅसेज रिकामा होता.

गेल्या वर्षीच्या चौकशीत आत एकच माणूस सापडला होता. ज्योतीराम.

तनुजाने दौलतरावांच्या देखत फोन पुन्हा कॅमेऱ्यांच्या पुढे घेतले. तिला नोटीस मिळाली. तरी तिने ते परत बदललेलं नाही.

मी चाकणला पोलीस चौकीत गेलो. “आजोबा, भुताची साक्ष लिहून घेऊ का?” हवालदार म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. अजून जातोच आहे. उद्याही जाणार आहे.

माझे कान म्हातारे आहेत. रात्री वाटतं, मी चुकीचं ऐकलं असेन.

पण माझे डोळे तेव्हा दौलतरावांवर होते.

दुसरा कोण, हे त्यांनी विचारलं नाही.