बोलून दाखवलेला बेत

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू.

ज्याच्यावर बेतली तो एल्डन आमच्याच गावात, नदीच्या वरच्या टोकाला राहतो. त्याच्या तोंडून मी ही दोनदा ऐकली आहे. दोन्ही वेळा त्याने एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. अलास्काच्या आतल्या भागात, आमच्या गावापासून विमानाने पाऊण तासावर एक तळं आहे. त्याला नाव नाही. आसपास वस्ती नाही, रस्ता नाही, पायवाटसुद्धा नाही.

एल्डन आणि त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट तिथे गेले होते. मूसच्या शिकारीला. मूस म्हणजे घोड्याहून उंच, रुंद शिंगांचं हरीण.

त्याचं कारण त्यांची आई. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षाचं जेवण घालायचं होतं. आमच्याकडे त्या जेवणात मूसचं मांस नसेल तर ते जेवणच नव्हे. नदीवर त्या वर्षी बोटींची अशी जत्रा भरली होती की मूस काठाला फिरकत नव्हते. म्हणून एल्डनने ठरवलं, वाटाड्या नको, कुणाची मदत नको, दोघं भाऊ आपले आपण दूर रानात जायचं.

एल्डनने अकरा वर्षं फेअरबँक्स शहरात नोकरी केलेली. त्याला सगळं कागदावर लागायचं. सेलिना आत्या स्वयंपाकघरात सॅमन माशाच्या पट्ट्या कापत बसली होती. जायच्या महिनाभर आधीच तिच्यासमोर त्याने नकाशा पसरला.

"हे बघ आत्या. शुक्रवारी संध्याकाळी उतरायचं. तंबू ह्या काठाला. गिल्बर्ट लगेच रबरी होडी घेऊन एकटा पलीकडे जाईल, जागा बघेल. शनिवारी पहाटे तो तिकडून हाड घासून मूसला बोलावेल. मी इकडे बंदूक रोखून बसतो. रविवारी मांस कापून तयार."

"मूसला विचारलंस का, रविवारी मोकळा आहे का तो?" गिल्बर्ट म्हणाला.

आत्याची सुरी थांबली.

आमच्याकडे शिकारीचा बेत कोणी बोलून दाखवत नाही. माणूस नुसतं म्हणतो, जरा वर जाऊन बघून येतो. खांद्याला बंदूक असते. घरच्यांना सगळं कळतं. पण कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही.

"कुणाला सांगतोयस हे?" आत्याने विचारलं.

"तुला."

"मी एकटीच ऐकतेय का?"

एल्डन हसला. आत्या हसली नाही.

"कोण कुठे जाणार, कधी जाणार, नाव घेऊन सांगितलंस. आता तो बेत मोड. आणि मोडला असं तोंडाने म्हण."

"आत्या, विमान ठरलंय."

"दादा, निदान तळं तरी बदलू," गिल्बर्ट हळूच म्हणाला. तो गावातच वाढलेला.

"तुझी आत्ताच फाटली? अजून दार ओलांडलं नाहीस," एल्डन म्हणाला.

विषय तिथेच संपला.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला डेलने त्यांना तळ्यावर उतरवलं. डेल म्हणजे आमच्या भागातला वैमानिक. त्याचं विमान पाण्यावर उतरतं.

"बुधवारी दुपारी येतो," तो म्हणाला. "अस्वल भेटलं तर माझी आठवण सांगा."

विमान गेलं. आवाज विरला...

आणि मग काहीच ऐकू येईना.

कावळा नाही. बदक नाही. पाणी काठाला लागतं त्याचा आवाजसुद्धा नाही. गिल्बर्ट बराच वेळ कान देऊन उभा राहिला.

"दादा, आत्याचं ऐकायला हवं होतं."

"तू जागा बघून ये. तोंड कमी वाजव."

"जातो बाबा. माझा चहा पिऊन टाकू नकोस."

हे गिल्बर्टचे शब्द. एल्डनला ते पाठ आहेत.

झुडपांवर घासलं की मूसच्या शिंगांसारखं वाजणारं, मूसच्याच खांद्याचं चपटं हाड पिशवीत घालून गिल्बर्ट होडीत बसला. तळं रुंदीला अर्धा मैल असेल. मध्यावर धुकं होतं. होडी त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

अर्धा तास झाला... एक तास झाला...

एल्डन काठावर येरझाऱ्या घालू लागला. दोन हाका मारल्या. उत्तर नाही.

अंधार पडायच्या जरा आधी होडी धुक्यातून बाहेर आली. गिल्बर्ट वल्ही मारत होता.

वल्ह्यांचा आवाज मात्र येत नव्हता.

तो उतरला आणि शेकोटीपाशी येऊन बसला. एल्डनने चहाचा पेला हातात दिला. त्याने तो धरून ठेवला. चहा निवला, वर साय धरली, तरी धरूनच.

"जागा मिळाली?"

गिल्बर्टने मान डोलावली.

"हाड कुठाय?"

गिल्बर्टने पलीकडे बघितलं. विसरून आला असेल. मघाशी बोललो म्हणून फुगला असेल. एल्डनने मनाची अशी समजूत घातली आणि झोपला.

शनिवारी पहाटे धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. एल्डनने भावाला हलवलं. गिल्बर्ट जागाच होता. पलीकडे जायचं म्हटल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली.

"बरं. मग चहा कर."

तेवढ्यात...

खर्रर्र...

पलीकडच्या काठावरून आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र... खर्.

झुडपांवर हाड घासल्याचा आवाज. दोन लांब, एक आखूड. ही त्यांच्या वडिलांची पद्धत. वडिलांनी ती दोघांनाच शिकवली होती. एक एल्डन. आणि एक त्याच्या शेजारी, तंबूच्या दारात बसलेला.



आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा शिकवतात. रानात ओळखीचा आवाज आला तर ओ देऊ नये. आधी आपल्याजवळ कोण कोण आहे ते मोजावं. एल्डनने मोजलं. आपण एक, गिल्बर्ट दोन. आलो होतो तेही दोनच.

त्याने ओ दिली नाही.

दुपारी तो होडीपाशी गेला. दोर झाडाला बांधलेला होता. गाठ त्याने स्वतः मारलेली, जशीच्या तशी होती.

होडी नव्हती.

रविवारी धुकं थोडं वर सरकलं. आणि पाण्यावरून हाक आली.

"दादा..."

आवाज गिल्बर्टचा.

"दादा, होडी पाठव रे. थंडी वाजतेय."

गिल्बर्ट एल्डनच्या शेजारी उभा होता. तोही ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"हे तू ऐकतोयस ना?" एल्डनने विचारलं. "गिल्बर्ट, एक शब्द बोल. शिवी दे मला, हवं तर."

गिल्बर्टने तोंड उघडलं. थोडा वेळ ते तसंच उघडं ठेवलं. मग मिटून घेतलं.

एल्डनने उपग्रहाच्या फोनवरून डेलला गाठलं. डेल म्हणाला, ढग डोंगरावर टेकलेत, वर गेल्याशिवाय मी निघू शकत नाही. काय झालंय ते एल्डनला सांगता येईना. सांगणार तरी काय?

मग तो तळ्याला वळसा घालायला निघाला. तासाभरात पाणथळ लागलं. कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. पाणी बर्फाचं. पुढे पाय टेकेना. कसाबसा मागे फिरला. मागोमाग आलेला गिल्बर्ट काठावर उभा राहून बघत होता. त्याने हात पुढे केला नाही.

पलीकडचा आवाज दिवसभर चालू होता. कधी विनवणी, कधी शिव्या. मध्येच एकदा आईचं नाव घेऊन रडणं.

सोमवारी सकाळी धुकं फाटलं. थोड्या वेळासाठी दोन्ही काठ उघडे पडले. पलीकडे झाडांखाली काहीतरी उभं असल्यासारखं वाटलं. हाका थांबल्या. बराच वेळ शांतता...

मग आवाज आला. अगदी हळू. पाण्यावरून स्पष्ट.

"दादा... तुझ्याजवळ कोण उभं आहे?"

एल्डन सांगतो, त्या क्षणी त्याला शेजारी मान वळवून बघता आलं नाही. तो तंबूत शिरला आणि दोन्ही कान हातांनी दाबून पडून राहिला. चाळिशीचा माणूस. लहान मुलासारखा रडला.

मंगळवारी आवाज बसला होता. नुसतं "दादा" तेवढं कळत होतं.

बुधवारी दुपारी डेल आला.

"रिकाम्या हाताने? दोघं इथे झोपाच काढत होतात काय?" तो म्हणाला. "बरं, आटपा. ढग परत उतरतायत. अर्ध्या तासानंतर इथून निघता येणार नाही."

गिल्बर्ट आधीच विमानात बसला होता. पट्टा लावून.

डेलने पलीकडे बोट दाखवलं. "उतरताना तिकडे काहीतरी हललं. कुणी आहे का?"

विमान पाण्यावरून नुसतं चालवत नेलं असतं तरी तीन मिनिटांत पलीकडे पोचलं असतं. एल्डनला हे ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मग त्याने विमानात पाहिलं. गिल्बर्ट त्याच्याकडेच बघत होता. तोच चेहरा, भुवईवर तीच लहानपणची खूण.

"कुणी नाही," एल्डन म्हणाला.

इंजिन सुरू झालं. त्यावर काहीच ऐकू आलं नाही.

आईचं जेवण शेजाऱ्यांनी दिलेल्या मांसावर पार पडलं. गिल्बर्ट रांगेत बसला, पुढ्यात आलं ते जेवला. फेअरबँक्सच्या डॉक्टरने त्याचा घसा तपासला आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं. तो पाणी भरतो, लाकडं फोडतो, बोलत नाही. सेलिना आत्या त्याला वाढते. पण तो परत आल्यापासून तिने त्याला नावाने हाक मारलेली नाही.

एल्डनने तिला सगळं सांगितलं.

"मी मोजलं होतं, आत्या," तो म्हणाला.

"बरोबर मोजलंस. पण तिकडे एकटा कोण जाणार आणि कधी, हे तू महिनाभर आधी सांगून ठेवलं होतंस. ते ऐकणारं तिथे तयारीत बसलं नसेल कशावरून?"

पुढच्या जूनमध्ये बर्फ वितळल्यावर एल्डन त्या तळ्यावर परत गेला. ह्या वेळी कुणाला काही बोलला नाही. फक्त डेलला आयत्या वेळी गाठलं आणि पलीकडच्या काठाला उतरवायला सांगितलं.

काठापासून वीस पावलांवर, एका मोठ्या झाडाखाली, फांद्यांचं अंथरूण होतं. फांद्या हातानं मोडलेल्या. पानं वाळून तांबडी झालेली. मध्ये माणूस निजल्यासारखा खोलगट भाग. बाजूला राख. पाच दिवसांत साठेल एवढीच ती नव्हती. कितीतरी आठवड्यांची होती. पक्ष्यांची बारीक हाडं होती, चोखून स्वच्छ केलेली.

तिथे माणसाचं हाड नव्हतं. कपड्याचा धागा नव्हता.

एल्डनने भावाच्या नावाने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. ओ आली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे पारा उणे पन्नासच्या खाली गेला होता.

तो घरी परतला तेव्हा गिल्बर्ट नदीच्या धक्क्यावर उभा होता. एल्डन कुठे गेला, कधी येणार, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. गिल्बर्टने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

दोघं अजून एकाच घरात राहतात.

मागच्या वेळी मी एल्डनला सरळ विचारलं, "त्याला घराबाहेर काढत का नाहीस?"

घरामागे लाकडं फोडण्याचा आवाज येत होता. एल्डनने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते.

"आणि तोच गिल्बर्ट असला तर?" तो म्हणाला.

मागचा कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता.