दोघं आहोत, सगळं ठीक

हेलिकॉप्टर त्यांना पत्र्याच्या खोपीसमोर सोडून खाली दरीत निघून गेलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दोन पाव, चीज, बटाटे, चहा, दोन बंदुका आणि एक दोर. हेनीने सामान आत नेलं. रेडिओची तार बाहेरच्या खांबाला बांधायचं काम क्लाइवने केलं. बत्तीस वर्षांची सवय होती त्याची. जून महिना म्हणजे इकडचा ऐन हिवाळा, बर्फ गुडघाभर, आणि थार या रानबोकडांचे नर याच दिवसांत लांब आयाळ मिरवत कड्यांवर उभे असतात. शिकारी येतात ते या आयाळीसाठी.

हेनी मात्र बापासाठी आली होती. तिचा बाप टामा या डोंगरात नाहीसा झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता तेवीस. दोन वर्षं ती क्लाइवच्या मागे लागली होती. "काका, शेवटी तुम्हीच होतात ना त्याच्याबरोबर? मला ती जागा दाखवा. बस्स, एकदा."

क्लाइव टाळत राहिला. गुडघे दुखतात, हवा वाईट आहे, एक ना दोन. पण दरवर्षी टामाच्या आठवणीला सगळे जमायचे, तेव्हा पहिला घास त्याच्याच पानात पडायचा. टामाचा जिवाभावाचा दोस्त म्हणून. किती वर्षं नाही म्हणणार?

बारा वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, की टामा पहाटे एकटाच उत्तरेच्या दरीत गेला. लोकांनी अकरा दिवस उत्तरेची दरी पालथी घातली. तिथे टामा सापडणार कुठून? तो तिथे गेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लाइव हेनीला उत्तरेकडेच न्यायला निघाला. पण धुकं दाटलं, वाट दिसेना, आणि दक्षिणेच्या खोलगटीत मात्र ऊन होतं. हेनीने दुर्बीण लावली. "काका, नर! केवढा आहे बघा!"

"नको. तिकडे नको जायला."

"का? काय आहे तिकडे?"

"काही नाही... मी कधी गेलो नाही त्या बाजूला. माहीत नसलेल्या जागी कशाला?"

ती हसली. "म्हातारे झालात तुम्ही." आणि चालायला लागलीसुद्धा. तिचे लांब ढांगा टाकणारे पाय बापाचे होते.

गोळी नेमकी लागली. नर जागीच कोसळला, घसरला, आणि कड्याखालच्या खडकाच्या एका अरुंद फळीवर जाऊन अडकला. क्लाइव कडेपर्यंत आला. फळी बघितली आणि ओळखली. एवढ्या मोठ्या डोंगरात या पोरीची शिकार पडायला हीच फळी मिळाली होती!

हेनी बंदूक ठेवून उतरायला लागली.

"थांब!" तो ओरडला. "उतरता येतं, वर नाही येता येत. डावीकडचा दगड हाताला लागतो आणि निघून येतो..."

हेनी थांबली. वळून बघत राहिली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, पण तिने ते बाजूला केले नाहीत.

"तुम्ही इथे कधी आला नव्हतात ना, काका?"

तिने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. "धरा."

दोर हातात घेऊन तो बसला. ती नजरेआड झाली. खालून काही आवाज येईना. एक विचार आला त्याच्या मनात, खोटं कशाला बोला. हा दोर सुटला, तर ही गोष्ट आता कायमची इथेच मिटेल. त्याने दोर दोन वेळा मनगटाला गुंडाळला. तेवढा माणूस त्याच्यात शिल्लक होता. बारा वर्षांपूर्वी मात्र नव्हता.

तेव्हा क्लाइवने मारलेला नर आणायला टामा फळीवर उतरला होता. त्याला वर येता येईना. "दोर घेऊन ये, थांबतो मी," असं हसून म्हणाला होता. क्लाइव खोपीत आला तेव्हा अंधार पडत होता. रोज साडेपाचला रेडिओवर प्रत्येक खोपीची हजेरी घेतात. किती जण? सगळं ठीक? खरं सांगितलं असतं तर रात्रीच माणसं निघाली असती. पण क्लाइवला नुकताच बाहेरच्या शिकाऱ्यांना डोंगरात न्यायचा परवाना मिळाला होता. पहिल्याच हंगामात बोभाटा नको. सकाळी नेऊ दोर, त्यात काय! किटली चुलीवर ठेवली आणि म्हणाला, "दोघं आहोत. सगळं ठीक." मग हिमवादळ आलं. तिसऱ्या दिवशी तो दोर घेऊन पोचला, तेव्हा फळीवर फक्त बर्फ होतं.

दोराला दोन झटके बसले. क्लाइवने ओढलं. हेनी वर आली ती रिकाम्या हाताने. नर तिने खालीच सोडला होता.

खोपीत आल्यावर तिने चूल पेटवली नाही. खिळ्याला टांगलेली किटली तशीच राहिली. मग खिशातून पावाच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू काढून तिने टेबलावर ठेवली. टामाचा छोटा रेडिओ. हवामान आणि साडेपाचची हजेरी ऐकायला तो कायम छातीच्या खिशात ठेवायचा. त्यातून फक्त ऐकता यायचं, बोलता यायचं नाही.

"खडकाच्या फटीत होता. नीट ठेवलेला."

म्हणजे त्या संध्याकाळी टामाने ऐकलं होतं. फळीवर बसून, गारठून, साडेपाचची वाट बघत. आता क्लाइव सांगेल म्हणून.

"मीही ऐकत होते," हेनी म्हणाली. "आजीच्या स्वयंपाकघरात, रेडिओवर. 'दोघं आहोत, सगळं ठीक.' आजी म्हणाली, झालं? आता जेव. मी पोटभर जेवले, काका."

"हेनी... मला वाटलं, सकाळी..."

"मला नका सांगू. त्यांना सांगा. माझ्यासमोर."

तिने छोट्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं. सेल कधीच फुटून हिरवी भुकटी झाले होते. ती तिने राखेत झाडली. रिकामा रेडिओ टेबलावर ठेवला.

साडेपाच झाले. क्लाइवने मोठ्या रेडिओचं बटण हाताशी घेतलं. हजेरी घेणारी बाई एकेक खोपी पुकारत होती. मग यांची पाळी आली. "किती जण? सगळं ठीक?"

त्याने बटण दाबलं. सांगायचंच होतं त्याला, अगदी मनापासून. तोंड उघडलं...

"दोघं आहोत. सगळं ठीक."

आवाज त्याचाच होता. बारा वर्षांनी तरुण. टेबलावरच्या रिकाम्या रेडिओतून आला होता.

"छान. शुभ रात्री, दोघांनाही," बाई म्हणाली, आणि पुढची खोपी पुकारली.

"नाही! ऐका!" क्लाइव बटण दाबून किंचाळला. "टामा फळीवर होता! जिवंत होता! मी खोटं बोललो!" तो सांगत सुटला. सगळं, पहिल्यापासून. बाई शांतपणे उद्याचं हवामान वाचत होती. तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

छोट्या रेडिओत मात्र अजून काहीतरी चालू होतं. हेनीने तो उचलून कानाला लावला. आधी खरखर. मग एक बारीक शिट्टी. वाढत गेली, खोपीभर झाली. उकळणाऱ्या किटलीची शिट्टी.

क्लाइवने खिळ्याकडे पाहिलं. किटली तिथेच टांगलेली होती, थंडगार, कोरडी.

"चहा करत होतात?" हेनीने विचारलं.

तिने रेडिओ टेबलावर ठेवला, आपली पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन बसली. क्लाइवने तो रेडिओ बुटाखाली घेतला, दगडाने ठेचला, तुकडे बर्फात फेकले. शिट्टी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरवाल्याने उतरताच पहिली गोष्ट विचारली ती हीच, की अहो, चुलीवर किटली विसरलात का?