झाडूच्या गाडीत बसणार नाही

"डोंगराचं मला सांगू नका," हिस्के म्हणाली. "आमच्या फ्रीसलंडात वारा असतो. वारा म्हणजे डोंगरच... फक्त त्याला उतार नसतो."

हे ती हॉलंडच्या दक्षिण टोकाला, फाल्सच्या टेकडीवर उभं राहून म्हणाली. याआधी ती चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे गावाकडचा समुद्राचा बांध. ऐकायला चार दंतवैद्य होते. चौघांच्या सायकली एका बोटावर उचलता येतील अशा, आणि कपडे इतके घट्ट की श्वास पाळीपाळीनं घ्यावा लागावा. हिस्केकडे आईची काळी सायकल. पुढं टोपली, मागं कॅरियर, आणि ब्रेक एकच — पायडल उलटं मारायचं.

देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार दिवस, कॅन्सरच्या संशोधनासाठी अशी ही सफर होती. निघालेल्या साठ जणांत ज्या आजारासाठी हे सगळं चाललं होतं तो आजार स्वतःच्या अंगात असलेली हिस्के एकटीच. वय तेहतीस. हाडांत पोचलेला, बरा न होणारा, पण गोळ्यांनी तीन वर्षं गप्प बसवलेला. डॉक्टरांनी एकच अट घातली होती: "पडायचं नाही. बाकी काहीही करा." सफरीबरोबरच्या नर्सनं, सिस्टर ओडिलियानं, तर छापील कागदावर सही घेतली होती. एकदा जरी पडलीस तरी सायकल टपावर, तू झाडूच्या गाडीत.

झाडूची गाडी म्हणजे सगळ्यात मागून येणारी गाडी. पुढं खराखुरा झाडू उभा बांधलेला, दमलेल्यांना झाडून गोळा करायला. त्या गाडीत बसायचं नाही, एवढं एकच हिस्केनं ठरवलं होतं. अख्खा देश पार करायचा, तोही स्वतःच्या पायांवर.

शिट्टी झाली. जन्मभर वाऱ्याशी भांडलेली हिस्के उतारावर सवयीनं जोरात पायडल मारू लागली. इथं वारा काही विरोध करेना. पहिल्या वळणावर तिला फार बरं वाटलं, दुसऱ्यावर जरा कमी. तिसऱ्या वळणावर तिनं पायडल उलटं मारलं, आणि साखळी निसटली. म्हणजे ब्रेकही गेला.

खाली रस्त्याच्या कडेला एक उंच, कुरळ्या केसांचा माणूस टेबलावर चेरीचे व्लाय मांडत होता, म्हणजे फळांचा गर भरलेले गोल केक, थाळीएवढे, लाल, ताजे. त्यानं वर पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. नजरानजर झाली म्हणायची तर ती ताशी चाळीसच्या वेगानं झाली.

टेबल कोलमडलं. सिस्टर ओडिलिया धावत आली आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लालभडक झालेली हिस्के बघून पांढरीफटक पडली.

त्या माणसानं हिस्केच्या बाहीवरून बोट फिरवलं, चाटलं. "चेरी," तो म्हणाला.

"पडलीस?" सिस्टरनं कागद काढला.

हिस्केनं घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं. चार दिवसांतली फक्त आठ मिनिटं झाली होती.

"छे," तो म्हणाला. "बसल्या."

"बसल्या?"

"व्लायवर. गुडघा टेकला नाही, कोपर टेकलं नाही. आमच्या लिंबुर्खमध्ये पाहुण्यांना बसा म्हणायची पद्धत आहे."

सिस्टरनं हिस्केची हाडं एकेक करून चाचपली. सगळी जागेवर होती. कागदावर 'बसली' असा रकाना नव्हता. ती पुटपुटत निघून गेली.

"मी लाम्बेर्त," तो साखळी चढवत म्हणाला. "बेकरी आहे माझी. आणि चार दिवस ही गाडी चालवणार आहे."

हिस्केनं गाडीकडे पाहिलं. पुढं झाडू होता.

"हे बघा झाडूवाले," ती म्हणाली, "उपकार झाले. पण मी तुमच्या गाडीत बसणार नाही."

"मी कुठं बसा म्हटलं? बारातला एक व्लाय वाचलाय, तो शेवटच्या दिवशी कापू. तोवर मी आपला मागनं येतो."

आणि तो आला. हिस्के सगळ्यात शेवटी, तिच्या मागं तीस पावलांवर तो. जेवणापर्यंत 'तुम्ही' संपून 'तू' झालं. हॉलंडात त्याला वेळ लागत नाही. 'झाडूवाले' मात्र कायम राहिलं. दुसऱ्या दिवशी एका हंसानं रस्ता अडवला. लाम्बेर्तनं हॉर्न वाजवला. हंसानं ते मनावर घेतलं आणि गाडीचा आरसा फोडला. हिस्केनं टोपली उगारून त्याला हाकललं.

"मला वाटलं, तू मला वाचवायला आहेस," ती म्हणाली.

"तसं कागदावर आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. हिस्केला ते कान उगाचच फार आवडले.

रोज सकाळी आठला ती गोळी घ्यायची. तिसऱ्या दिवशी त्यानं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली, आठला एक मिनिट असताना.

त्याच दुपारी आयसल नदीच्या काठावर तिची कंबर भरून आली. तिनं सायकल गवतात आडवी केली आणि बसली. लाम्बेर्तनं गाडीचं दार उघडलं. तिच्या तोंडाकडे बघितलं. दार परत लावलं, आणि येऊन शेजारी बसला. नदी ओलांडायची, गाड्याही चढतील अशी होडी पलीकडच्या काठाला होती. भुरभुर पाऊस सुरू झाला. त्यानं आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला... बेकरीचा वास होता त्याला, लोण्याचा.

"तुझा वाढदिवस कधी असतो?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"आमच्या संडासातल्या कॅलेंडरवर लिहायचाय."

हॉलंडात घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर असतं. संडासातल्या त्या कॅलेंडरवर कुणी वाटेल त्याचं नाव लिहीत नाही. ते आजीपासून टांगलेलं असतं. त्यावर ना वार, ना साल, नुसत्या तारखा. एकदा नाव चढलं की दर वर्षी घरातला प्रत्येक माणूस बसल्याबसल्या ते वाचणार. लिंबुर्खच्या पोरानं याहून उघड काय बोलायचं?

"माझं कॅलेंडर तीन महिन्यांचं असतं रे," ती म्हणाली. "स्कॅन झालं की पुढचे तीन मिळतात. आता ऑगस्टमध्ये आहे. नोव्हेंबरचं मी काही कबूल करत नाही."

"म्हणजे नोव्हेंबर."

"तारीख सांगणार नाही."

"नको सांगू. तीस तर आहेत. मी सगळ्यांवर लिहीन."

ती हसली, मग तिचं हसू मधेच अडकलं. "लाम्बेर्त... खोडायला लागलं तर?"

त्यानं कोट तिच्या खांद्यावर नीट ओढला. "आमच्या आजोबांचं नाव अजून आहे. त्या दिवशी आम्ही त्यांचा आवडता व्लाय करतो. ते कॅलेंडर खोडायचं नसतंच."

होडी आली. हिस्के उठली आणि सायकल घेऊन चढली. झाडूची गाडी पुढच्या फेरीला आली.

चौथ्या दिवशी फ्रीसलंड लागलं, आणि वारा लागला. वायव्येचा, समोरून, गाई तिरक्या उभ्या राहाव्यात असा. एका थांब्यावर लाम्बेर्तनं सवयीनं हँडब्रेक खर्रकन ओढला.

"इथं हँडब्रेक?" हिस्के म्हणाली. "झाडूवाले, इथं सांडलेलं दूधसुद्धा जागचं हलत नाही."

पुढच्या थांब्यावर त्यानं ओढला नाही. प्रेमात माणूस सवयी बदलतो.

मग जे झालं ते गावात अजून सांगतात. हिस्केनं डोकं खाली घातलं, पाठ वाकवली, आणि वाऱ्याला आपल्या घरच्या भाषेत एक शिवी दिली. दहा मैलांवर पहिला दंतवैद्य दिसला. त्याची एका बोटावरची सायकल वाऱ्यानं शेतात नेली होती आणि तो तिच्या मागं धावत होता. दुसरा पुलाच्या कठड्याला धरून उभा होता. उरलेले दोघं बसस्टॉपच्या आडोशाला एकमेकांना मिठी मारून.

"वारा म्हणजे डोंगरच हो," हिस्के पायडल मारता मारता ओरडली. मागं झाडूच्या गाडीचं दार उघडलं, चार वेळा.

तिनं चाळीस जण मागं टाकले. मग पन्नास. कंबर ओरडत होती, तिला तिनं ओरडू दिलं. सफर जिथं संपणार होती त्या वीरुमच्या चर्चमागचा हिरवा बांध दिसला, बांधावरच्या मेंढ्या दिसल्या. हिस्के त्यांच्यामधून वर गेली, पहिली. पलीकडे राखाडी समुद्र ओहोटीनं दूर गेलेला आणि मैलभर चिखल चमकत होता. खाली बँडवाले अजून पेट्या उघडत होते. इतक्या लवकर कुणी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. ती सायकलला धरून उभी राहिली आणि रडली, भरपूर, कुणी बघतंय का याची फिकीर न करता. अख्खा देश. स्वतःच्या पायांवर.

अर्ध्या तासानं झाडूची गाडी बांधाच्या चढावरून वर आली. दंतवैद्य उतरले आणि मान खाली घालून कॉफीकडे गेले. लाम्बेर्त व्लाय घेऊन उतरला. तिच्यासमोर उभा राहिला. कान परत लाल.

"एकोणीस," हिस्के म्हणाली.

"काय एकोणीस?"

"नोव्हेंबर."

वाऱ्यानं त्याचे केस उभे केले. "पेन्सिलीनं लिहू?" त्यानं हळूच विचारलं. "की..."

"पेनानं," ती म्हणाली. "आणि ठसठशीत."

मग तिनं त्याच्या कोटाच्या कॉलरला धरलं आणि त्याला जवळ ओढलं. व्लाय दोघांच्या मधे होता, तो तसाच राहिला. ओठांना चेरी लागली, हनुवटीला चेरी लागली. खाली बँड सुरू झाला.

हँडब्रेक ओढलेला नव्हता. झाडूची गाडी बांधावरून समुद्राच्या बाजूला उतरली आणि टपापर्यंत चिखलात बसली. वर फक्त झाडू दिसत होता. चालकाला हिस्केनं कॅरियरवर बसवून गावात आणलं.