सॅक्सोफोनवाला होयबा

काउंटरसमोर माणूस उभा राहिला की मी आधी त्याचे हात बघते. रेकॉर्ड कडेने धरणारे हात असतील तर ठीक, नाहीतर मी सरळ 'उद्या या' म्हणून कटवते. रेडिओ केंद्राच्या रेकॉर्डसंग्रहात मला सहा वर्षं झाली. माझ्या नादी लागू नये हे आता साहेबांनाही कळून चुकलंय. त्या मंगळवारी भरदुपारी आलेल्या माणसाचे हात चांगले होते. उजव्या अंगठ्यावर घट्टा होता आणि डाव्या हातात एक लांबुळकी काळी पेटी.

"ही रेकॉर्ड ऐकायला मिळेल?" त्याने चिठ्ठी पुढे केली. "सॅक्सोफोन कोणी वाजवलाय ते बघायचंय."

"त्यासाठी ऐकायला कशाला हवी? मी सांगते," मी म्हटलं. "एक जण आहे, सगळीकडे असतो. जॅझ असो, सिनेमाचं गाणं असो, साबणाची जाहिरात असो, मागे हाच. कव्हरवर नावसुद्धा नसतं. वाजवतो सुरेख, पण बिचाऱ्याला नाही म्हणता येत नसावं."

"नाही येत," तो म्हणाला.

"ओळखता तुम्ही त्याला?"

"थोडंफार... रोज दाढी करताना भेटतो."

माझे कान तापले. पण बोललेला शब्द मागे घेणं माझ्या रक्तात नाही. मी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हटलं, "सही करा. आणि वाजवता सुरेख, हेही मी म्हटलं होतं, ते विसरू नका."

त्याचं काम असं होतं. सतरा वर्षं तो इतरांच्या रेकॉर्डवर वाजवत आला होता आणि आता पहिल्यांदाच एक कंपनी त्याच्या स्वतःच्या नावाची रेकॉर्ड काढणार होती. मालकाला कव्हरच्या मागे त्याने आजवर वाजवलेल्या सगळ्या रेकॉर्डची यादी छापायची होती, तीही आमच्या संग्रहाच्या सहीशिक्क्यानिशी. आणि या पठ्ठ्याला त्यातल्या निम्म्या आठवतच नव्हत्या.

मग रोज दोन ते चार आम्ही ऐकण्याच्या खोलीत बसू लागलो. खोली एवढीशी, दोन खुर्च्या टाकल्या की गुडघ्याला गुडघा लागायचा. त्याला बिनचूक कसं ओळखायचं, हे मी चार दिवसांत शिकले. सूर लावण्याआधी तो तोंडाच्या कोपऱ्यातून एक बारीक श्वास घ्यायचा... काहीतरी सांगायला जाऊन ऐनवेळी थबकल्यासारखा. रेकॉर्डवर तो श्वास ऐकू आला की मी यादीत त्या रेकॉर्डचा नंबर टिपायचे.

"हा मी आहे?" तो विचारायचा.

"तुम्हीच."

"मला तर काहीच आठवत नाही."

"मला कळतंय ना. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

एकदा हेडफोन काढून तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही माझा श्वास ओळखता. हे जरा जास्तच होत नाही का?"

"कामाचा भाग आहे. पगार घेते मी त्याचा."

"मग आज शनिवार... सुट्टी असताना कशा आलात?"

मी हेडफोन कानांवर घट्ट बसवले आणि खिडकीबाहेरच्या रिमझिम पावसाकडे बघत बसले. तो हसतोय हे न बघताही कळत होतं.

त्याच्यात एकच खोट होती. काउंटरवरचा फोन त्याच्यासाठी वाजला की हा "हो" म्हणायचा. कुणाचं हॉटेल उघडतंय, या. हो. कुणाचा वादक आजारी पडलाय, या. हो. माझी ताई दातांची डॉक्टर आहे, तिला मी हे सगळं सांगितलं तर तिने तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं. "होयबा आहे गं तुझा. अशी माणसं माझ्याकडे येतात, दुखतं का विचारलं तरी हो, दुखत नाही ना विचारलं तरी हो. दात कुठला काढायचा ते शेवटपर्यंत कळत नाही."

तरीही मी विचारलंच. मला घोळवत बसायला जमत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी रेकॉर्ड पुसता पुसता म्हटलं, "मला तुम्ही आवडता. मला वाटतं तुम्हालाही मी आवडते. लग्नाचं बोलूया का?"

"हो," तो म्हणाला.

इतकंच. लगेच. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! त्या रागातच मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. "हाच 'हो' तू दहा मिनिटांपूर्वी टूथपेस्टच्या जाहिरातीला दिलास. अगदी याच आवाजात. मला काय कळायचं, तुला मी हवीय की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतोयस?"

 मी त्याला बाहेर घालवलं आणि त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. तो मला हवा होता, पण असा फुकटचा नको होता.

दुसऱ्या दिवशी यादी तारखांप्रमाणे लावताना माझा हात अडखळला. स्टुडिओंच्या नोंदींत एकाच दिवशी, एकाच वेळी तो दोन ठिकाणी वाजवत होता. मी दोन्ही रेकॉर्ड काढून ऐकल्या. पहिलीत तोच होता. दुसरीत, एका सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या दीड मिनिटाच्या तुकड्यात, तो श्वास नव्हता. वाजवलं होतं अप्रतिम, पण दुसऱ्याच कुणीतरी. आणि कंपनीचा मालक याच तुकड्यावर फिदा होऊन त्याची रेकॉर्ड काढायला निघाला होता.

दोन वाजता तो आला. मी दोन्ही तबकड्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत.

"दोघांनाही हो म्हणून बसलो होतो," तो म्हणाला. "मग दुसरीकडे मित्राला पाठवलं. माझ्याच वर्गातला, आता शाळेत मुलांना संगीत शिकवतो. स्टुडिओच्या नोंदीत नाव माझंच लागलं."

"आणि मालकाला हे माहीत नाही."

"तो इतका खुशीत होता. 'तो तुकडा तुमचाच ना?' म्हणाला..."

"आणि तू हो म्हणालास."

त्याने मान खाली घातली. माझा जीव तुटत होता त्याच्यासाठी. सतरा वर्षांनी नाव लागणार होतं माणसाचं. यादीत एक ओळ ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण खाली सही माझी होती.

"मी ही ओळ काढणार आहे," मी म्हटलं. "मालकाला कोण सांगणार, ते तू ठरव. मी सांगायला घाबरत नाही."

तो मग उठला, काउंटरवरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. मी सरकून दाराशी गेले, पण सगळं ऐकू येत होतं.

"नाही," तो म्हणाला.  "नाही. तो मी नव्हतो... त्याचा नंबर देतो, लिहून घ्या. नाही, रेकॉर्ड त्याची काढा... हो, समजतंय मला. ठीक आहे."

त्याने फोन ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"पश्चात्ताप?"

"आहे," तो म्हणाला. "पण झोप लागेल आज." मग तो काउंटरला वळसा घालून माझ्या बाजूला आला. तिथे बाहेरच्यांना यायला बंदी आहे, पण मी काही बोलले नाही.

"तू काल चिडलीस ते बरोबर होतं. मला आजवर जे मिळालं ते कुणीतरी विचारलं म्हणून. मी स्वतः कधीच कुणाकडे काही मागितलं नाही. समोरचा नाही म्हणाला तर... याची भीती वाटते मला." त्याने दोन्ही हात काउंटरवर टेकवले. सतरा वर्षं इतरांच्या रेकॉर्डवर वाजवणारे हात. "आज मी मागतो. माझ्याशी लग्न कर. तू नाही म्हणालीस तरी चालेल..."

तो थांबला. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नाही. चालणार नाही मला."

एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. त्या क्षणी मात्र आधी हातच चालले. मी काउंटरवरची पाटी 'बंद आहे'च्या बाजूला फिरवली, दार आतून लावलं, आणि मग हो म्हटलं.